करंगळीएवढी धार

गेल्या वर्षी नरक चतुर्दशीला आम्ही पहाटे साडेचारला उठलो. पाटाभोवती रांगोळी, पणती, वाटीत कोमट तेल, घरभर उटण्याचा वास. आईनं नातवंडांना तेल लावलं, पाठी रगडल्या. मी न्हाणीघरात जाऊन गरम पाण्याच्या नळाखाली बादली लावली आणि नळ पूर्ण सोडला. धार आली ती करंगळीएवढी. पाणी चांगलं कढत होतं, गिझरचा दिवा विझलेला होता, म्हणजे तापवण्याचं काम त्यानं चोख केलं होतं. पण ते पाणी बादलीत उतरायला तयार नव्हतं. शेजारचा गार पाण्याचा नळ मात्र सोडला की बादलीचा तळ वाजायचा.

पाच माणसांच्या अंघोळी. अभ्यंगस्नान सूर्य उगवायच्या आत व्हावं, ही आईची आयुष्यभराची शिस्त. स्वतःचा नंबर तिनं शेवटी ठेवला होता, आणि तिची बादली भरत असतानाच खिडकीच्या गजांवर उजेड आला. ती काही बोलली नाही. अंगाला तेल लावून थंडीत ताटकळलेली सत्त्याहत्तर वर्षांची बाई काही बोलत नाही, तेव्हा ते फार लागतं. या धारेचा छडा लावायचा, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

पुढचा आठवडाभर ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांच्याकडून दोनच उत्तरं मिळाली. गिझर बदला, नाहीतर प्रेशर पंप बसवा. दुकानदार तेच म्हणाला, शेजारी तेच म्हणाले, नात्यातल्या इंजिनिअरनंही फोनवर तेच सांगितलं. पाणी नक्की कुठे अडतंय, हे कुणीच विचारलं नाही.

आमची इमारत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला. १९८८ सालची, चार मजली, सोळा बिऱ्हाडं. गच्चीवर सिमेंटची टाकी. तिच्यात महापालिकेचं, म्हणजे खडकवासल्याकडून येणारं पाणी पडतं आणि उन्हाळ्यात त्याच टाकीत बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळतं. भिंतींत जुने लोखंडी जीआय पाइप, मधूनमधून ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं बदललेले प्लास्टिकचे सीपीव्हीसी. गच्चीवर पंधरा वर्षांपूर्वी बसवलेला सोलर. शहरातल्या घरात गरम पाणी जितक्या तऱ्हांनी अडू शकतं, त्यातल्या बहुतेक तऱ्हा या एका इमारतीत हजर आहेत. गेलं वर्षभर मी या तऱ्हा बादली आणि घड्याळ घेऊन पाहिल्या, आमच्या घरात, शेजाऱ्यांकडे, गच्चीवर. बरोबर होते आमचे प्लंबरकाका. चाळीस वर्षं हेच काम करताहेत. नाव छापायचं नाही, ही त्यांची अट.

काका पहिल्यांदा आले तेव्हा पान्याची पिशवी त्यांनी दाराशीच ठेवली.

“ताई, बादली किती लिटरची?”

“पंधरा.”

“मोबाइलवर घड्याळ लावा. आधी गार, मग गरम.”

गार पाण्याची बादली १ मिनिट १५ सेकंदांत भरली. गरम पाण्याला ६ मिनिटं २० सेकंद लागले. काकांनी खिशातून पेन्सिल काढली आणि दोन्ही आकडे टाइल्सवरच लिहिले. मग म्हणाले, “टाकी एक, नळांची उंची एक. प्रेशर कमी असतं तर गार पण असंच आलं असतं. मग पंप कशाला?”

एवढ्या एका वाक्यात त्यांनी पंपाचा खर्च वाचवला. आपण ‘प्रेशर नाही’ असं सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. दाब ठरतो टाकीच्या उंचीवरून. पाण्याची पातळी नळापेक्षा दहा मीटर वर असली की दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब मिळतो. हा दाब गार आणि गरम दोन्ही नळांना सारखाच मिळतो. धार किती जाड येते, हे मात्र वाटेवर अवलंबून असतं. वाट चिंचोळी असेल तर दाब तिथंच खर्च होतो आणि नळाला उरतं ते थिबकणं. म्हणून गार आणि गरम शेजारी शेजारी मोजायचं. दोन्ही कमी असेल तर टाकीकडे, मुख्य कॉककडे, इमारतीच्या उभ्या लाइनकडे बघायचं. फक्त गरम कमी असेल, तर दोष गिझरला पाणी देणाऱ्या कॉकपासून गरम नळाच्या तोटीपर्यंतच्या वाटेवर, त्या आठ-दहा फुटांत कुठेतरी असतो. घरात दोन न्हाणीघरं असतील तर दुसऱ्याचंही मोजायचं. तिथं ठीक येत असेल तर शोधायची जागा आणखी आक्रसते.

बेसिनच्या मिक्सरची धार काकांनी दोन मिनिटांत सुधारली. तोटीच्या टोकाला फिरकीची जाळी असते, ती हातानं काढून उलटी करून आपटली. तिच्यातून वाळूचे कण आणि पांढरे पापुद्रे पडले. ती वाटीभर व्हिनेगरमध्ये तासभर ठेवायला सांगितली. हे काम कुणालाही जमतं आणि दर दोन-तीन महिन्यांनी करावं. शॉवरच्या चाळणीचंही तेच. पण बादलीच्या नळाला जाळी नव्हती, तेव्हा आमचं दुखणं आत होतं.

मग आला अँगल कॉक. भिंतीतून निघालेल्या पाइपावर बसवलेला हा लहानसा कॉक कुणी तरी कधी तरी बंद केलेला असतो आणि अर्धाच उघडलेला राहतो. आमचा पूर्ण उघडा होता. जुन्या धाटणीच्या कॉकात रबरी वायसर असतो. गरम पाण्याच्या बाजूचा वायसर वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं फुगतो, कधी दांड्यावरून सुटून बसकणीवर पडून राहतो. चावी फिरते, पण वाट उघडत नाही. गरम नळ सुरुवातीला बरा येतो आणि मिनिटाभरात बारीक होत जातो, असं दिसलं तर काकांना पहिला संशय या रबराचा. ते तापतं, फुगतं आणि वाट अडवतं. गिझरला जोडलेल्या जाळीदार लवचीक नळ्यांचीही तीच गत. वरून स्टीलची वेणी चकचकीत दिसते आणि आतलं रबर दुमडून चिकटलेलं असतं. वरून काहीच कळत नाही. काढून, उजेडाकडे धरून, आरपार बघायचं.

आमच्या नळ्या आरपार स्वच्छ होत्या. इथून पुढे काकांनी जे केलं, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यांनी वाट मधोमध तोडून पाहिली. गिझरचा एमसीबी आधीच पाडला होता आणि पाणी निवायला रात्रभर वेळ दिला होता. गिझरमधून बाहेर पडणारी नळी भिंतीपासून सोडवली आणि तिचं टोक बादलीत धरलं. बादली भरली ३ मिनिटं ३० सेकंदांत. म्हणजे गिझरच्या तोंडाशी पाणी नळापेक्षा जास्त, पण हवं तितकं नाही. मग गिझरला येणारी गार पाण्याची नळी सोडवून बादलीत धरली. १ मिनिट २० सेकंद. इथपर्यंत पाणी भरपूर.

“दोन ठिकाणी आहे,” काका म्हणाले. “एक गिझरच्या आत शिरताना. दुसरं गिझर सोडल्यावर भिंतीत. आणि मोठं दुखणं भिंतीत आहे.”

नवा गिझर घेतला असता तर काय झालं असतं, हे त्या तीन आकड्यांत लिहिलेलं होतं. पहिला अडथळा गेला असता, दुसरा जिथल्या तिथं राहिला असता आणि आईच्या बादलीला तरीही साडेपाच मिनिटं लागली असती.

गार पाणी गिझरमध्ये जिथं शिरतं, तिथं पितळी तोंडाचा एक वॉल्व्ह असतो. त्याची कामं दोन. आत गेलेलं पाणी परत लाइनमध्ये येऊ न देणं, आणि आतला दाब फार वाढला, साधारण आठ किलोच्या वर गेला, की पाणी बाहेर सोडून टाकी वाचवणं. काकांनी तो काढून माझ्या तळहातावर ठेवला. आतली स्प्रिंगची चकती वाळू आणि क्षारांनी अर्धी जखडलेली होती. पाणी तिच्या कडेनं कसंबसं वाट काढत होतं.

या वॉल्व्हबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथं जिवाचा प्रश्न आहे. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवलं तर त्याचं आकारमान साधारण पावणेचारशे मिलिलिटरनं वाढतं. गार पाण्याकडची परतीची वाट बंद, गरम नळ बंद, मग हे जास्तीचं पाणी जाणार कुठं? ते या वॉल्व्हच्या बारीक छिद्रातून थेंब थेंब पडतं. गिझर तापताना हे टिपकणं नॉर्मल आहे. पण खाली बादली ठेवायचा कंटाळा म्हणून किंवा टाइल्सवर डाग पडतात म्हणून लोक ते छिद्र बुजवतात. आमच्याच इमारतीत एका घरी काकांना ते एम-सीलनं लिंपलेलं सापडलं. त्यांनी तिथल्या तिथं मेन स्विच पाडला आणि वॉल्व्ह बदलेपर्यंत गिझर चालू करू दिला नाही. थर्मोस्टॅट अडकला आणि हे छिद्रही बंद असलं, तर ती टाकी फुटू शकते. प्रवाह वाढावा म्हणून हा वॉल्व्ह काढून साधं निपल लावणारेही असतात. धार वाढते खरी, पण टाकी वाचवणारी गोष्ट त्या धारेच्या बदल्यात दिलेली असते. काकांनी आमच्याकडे त्याच जातीचा नवा वॉल्व्ह बसवला. गिझरच्या तोंडाशी बादली आता १ मिनिट ३५ सेकंदांत भरली. नळाला मात्र, त्यांनी सांगितलं होतं तसं, साडेपाच मिनिटं.

मग टाइल फोडली.

आतून जो एल्बो निघाला तो मी अजून ठेवला आहे. अर्ध्या इंचाचा जीआय एल्बो, बाहेरून नुसता काळपट. आत बघितलं तर शिसपेन्सिल जेमतेम जाईल एवढं भोक. कडेला तांबूस गंज, त्यावर पांढरा थर, त्यावर पुन्हा गंज, पुन्हा पांढरं. काकांनी तो हातोडीनं फोडला तेव्हा खपल्या निघाल्या, शहाबादी फरशीच्या चुऱ्यासारख्या कडक.

“चुना धरलाय,” ते म्हणाले. प्लंबर लोक हेच म्हणतात आणि ते रसायनशास्त्राच्या दृष्टीनंही बरोबर आहे.

शाळेत आपण दुष्फेन पाणी शिकलो, ज्याला साबणाचा फेस येत नाही, ज्यात डाळ शिजायला वेळ लागतो. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, सौम्य आम्ल होतं आणि आपल्या काळ्या दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून बायकार्बोनेटच्या रूपात बरोबर आणतं. पाणी गार असेपर्यंत ते विरघळलेलं राहतं. तापलं की हाच प्रवास उलटा होतो. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साधी चुनखडी, वेगळी पडते. साखर-मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं, या आपल्या अनुभवाच्या नेमकं विरुद्ध. चुनखडी गरम पाण्यात कमी विरघळते. म्हणून एकाच टाकीचं पाणी गार नळात वर्षानुवर्षं सुरळीत वाहतं आणि गरम नळात थर धरतं. सह्याद्रीच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे सुंदर स्फटिक सापडतात, पुण्या-नाशिकच्या खाणींतले तर संग्राहक जपून ठेवतात. ज्या पदार्थाचे ते स्फटिक, त्याच पदार्थाचा हा गिझरमधला थर. खडकाला त्यासाठी लाखो वर्षं लागतात, आपला गिझर ते काम चार-सहा वर्षांत करतो.

थोडं गणित करू. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००, २०१२) दुष्फेनपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं म्हटलं आहे. समजा बोअरच्या पाण्यात तो ४०० आहे आणि घरात रोज शंभर लिटर पाणी तापतं. म्हणजे रोज ४० ग्रॅम क्षार गिझरमधून जातात. त्यातला नुसता दहावा भाग आत बसला तरी दिवसाला ४ ग्रॅम, वर्षाला जवळजवळ दीड किलो. हे पाणी पिण्याच्या निकषात बसतं आणि तरीही गिझर भरून टाकतं.

आणि पाइपात थर थोडा दिसला तरी नुकसान थोडं नसतं. पंधरा मिलीमीटरच्या पाइपात चहूबाजूंनी फक्त तीन-तीन मिलीमीटरचा थर बसला, तर वाट उरते नऊ मिलीमीटर. व्यास निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, पण तेवढ्याच दाबाला पाणी येतं जेमतेम चौथाई. प्रवाह व्यासाच्या प्रमाणात घटत नाही, त्याच्या अडीचहून मोठ्या घातात घटतो. म्हणून बरेच दिवस काही जाणवत नाही आणि मग दोन-तीन हिवाळ्यांत धार एकदम मोडते. ‘कालपर्यंत तर बरं येत होतं’ असं प्रत्येक घरात ऐकायला मिळतं, ते यामुळे.

माझ्या आजोळी, वाईला, तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात निखारे, भोवती पाणी, खाली तोटी. दिवाळीच्या आधी बंब बाहेरून चिंचेनं घासला जायचा हे आठवतं. आईला त्यापुढचंही आठवतं. झाकण काढून आत हात घालून आजी पांढरा लेप खरवडायची, आणि तोटीत शिरईची काडी घालून ती मोकळी करायची. बंब उघडा होता, म्हणून त्याचं दुखणं दिसायचं. गिझर बंद आहे, भिंतीतला पाइप त्याहून बंद. आईनं हे सांगितलं तेव्हा मला वाटलं की तेव्हाच्या बाईला आपल्या घरातल्या पाण्याची वाट तोटीपर्यंत ठाऊक होती, आणि मी बावीस वर्षं या घरात राहून माझं गरम पाणी कुठल्या भिंतीतून येतं हे सांगू शकत नव्हते.

गिझरच्या आतला चुना काढायचा तर तो उघडून, कॉइल बाहेर घेऊन, सायट्रिक ॲसिडच्या पाण्यानं धुतात. हे काम जाणकारानं करावं. संडास धुवायचं ॲसिड ओतून ‘साफ’ करणारे भेटतात, त्यांना दारातूनच परत पाठवावं. त्यानं चुन्याबरोबर धातूही खाल्ला जातो आणि वाफा छातीत जातात. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, टाकीऐवजी स्वतः झिजावी म्हणून ठेवलेली. ती संपली का, हेही त्याच वेळी बघून घ्यावं. आणि थर्मोस्टॅटचे अंश कमी करावेत. पाणी जितकं जास्त तापतं तितका चुना जास्त पडतो. अंघोळीला चाळीस-बेचाळीस अंश पुरतात. मग ७५ अंश तापवून त्यात गार मिसळायचं कशाला? काका ६० वर ठेवतात; त्याहून खालीही नको म्हणतात, कारण फार कोमट साठ्यात जंतू वाढतात.

भिंतीतला जीआयचा तुकडा जाऊन सीपीव्हीसी आला. हा पाइप ९३ अंशांपर्यंतचं पाणी सोसतो, गंजत नाही, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडच्या घरांत लोखंडाची जागा त्यानंच घेतली आहे. पण त्याच्याही जोडात एक खोट राहू शकते. सोल्युशन जास्त लावलं तर ते आत ओघळून कड धरतं आणि नव्या पाइपातच अडथळा तयार होतो. नवं घर, नवी लाइन आणि पहिल्या दिवसापासून गरम पाणी बारीक, अशी तक्रार आली तर काका तिथं आधी जोड तपासतात. आमच्याकडे त्यांनी सोल्युशन पाइपाला बोटभर आणि पातळ लावलं, फिटिंगच्या आत जवळजवळ नाहीच.

सगळं बसल्यावर बादली लावली. १ मिनिट ५० सेकंद.

•

यानंतर इमारतीत बातमी पसरली आणि पुढचे काही रविवार काका आणि मी घरोघर बादली घेऊन फिरलो. दोन घरी तक्रारच खोटी निघाली, म्हणजे दोष नव्हता. तिथं तीन किलोवॅटचे इन्स्टंट गिझर होते. तीन किलोवॅटची कॉइल मिनिटाला साधारण ४३ लिटर-अंश एवढीच उष्णता देऊ शकते. म्हणजे पुण्यातल्या थंडीत २० अंशांचं पाणी ४२ अंशांवर न्यायचं असेल, तर सलग मिळणार मिनिटाला दोन लिटर. आतला लिटर-तीन लिटरचा साठा संपला की नळ मोठा करून पाणी फक्त कोमट होतं. मुंबईत टाकीतलं पाणीच २५ अंशांचं असतं, म्हणून तोच गिझर तिथं मिनिटाला अडीच लिटर देतो. बादलीनं अंघोळ करणाऱ्या घराला साठवणीचा गिझरच हवा. २५ लिटर पाणी ६० अंशांवर न्यायला दोन किलोवॅटला पस्तीस मिनिटं लागतात, तेवढं आधी उठावं.

गॅस गिझरच्या घरात मात्र मला भीती वाटली. हा गिझर पाण्याच्या प्रवाहानंच पेटतो. धार ठरावीक मर्यादेखाली गेली की तो पेटत नाही किंवा पेटून विझतो. त्या घरातले लोक थंडी लागते म्हणून न्हाणीघराची खिडकी बंद करून, कमी धारेमुळे दुप्पट वेळ आत थांबत होते. गिझर आतच बसवलेला. बंद जागेत गॅस अपुरा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस आधी गळतो, मग बेशुद्ध पडतो, दार आतून बंद असतं. आपल्याकडे दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. काकांनी धार दुरुस्त करायला साफ नकार दिला. “आधी हा बाहेर मोकळ्या हवेत न्या. मग धारेचं बोलू.” तो बाहेर गेला, मग त्यांनी त्याच्या पाण्याच्या तोंडाची जाळी साफ केली.

सगळ्यात जास्त दिवस घेतले ते सोलरनं. लाइनमध्ये दोन तक्रारी होत्या. काही घरी धार फुसफुसत, थुंकत यायची आणि मध्येच थांबायची. काही घरी पाणी यायचं, पण भर उन्हाच्या दिवसांनंतरही कोमट.

पहिलीचं कारण गच्चीवर डोळ्यांना दिसलं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करताना कुणी तरी गरम पाण्याचा पाइप उचलून कठड्यावरून पलीकडे नेला होता. पाइप वर चढून मग खाली उतरत होता. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते, ती अशा उंचवट्यावर जमते, आणि टाकीचा बेताचा दाब तिला ढकलू शकत नाही. प्लंबर म्हणतात, लाइननं हवा पकडली. काकांनी उंचवट्यावर एक टी लावून त्यातून टाकीच्या पातळीच्याही वर जाणारी, वरून उघडी अशी नळी उभी केली. तासाभरात थुंकणं थांबलं.

ती नळी पाहताना मला कात्रजचा नळ आठवला. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यातल्या हौदांपर्यंत जमिनीखालून पाणी आणलं गेलं. त्या वाटेवर ठिकठिकाणी बांधलेल्या तोंडांना उच्छ्वास म्हणत. छत्रपती संभाजीनगरच्या, मलिक अंबरनं सतराव्या शतकात सुरू केलेल्या नहरींवरही असे मनोरे आहेत. पंप नाही, नुसता उतार. तेव्हा पाण्याला वाट द्यायची तर हवेलाही वाट द्यावी लागते, हे ते गवंडी जाणून होते. उच्छ्वास हा शब्द आपल्या गच्चीवरच्या त्या उभ्या नळीला मला ‘एअर व्हेंट’पेक्षा नेमका वाटतो.

कोमट पाण्याचं कोडं अवघड होतं. बैठकीत सोलरच्या काचेच्या नळ्या बदलायचा ठराव येऊ घातला होता. काकांनी गच्चीवर जाऊन सोलर टाकीचा बाहेर जाणारा वॉल्व्ह पूर्ण बंद केला आणि मला पहिल्या मजल्यावर सोलरचा नळ उघडायला सांगितलं. लाइनमधलं पाणी संपलं की नळ कोरडा पडायला हवा होता. मी पाच मिनिटं उभी होते. पाणी येतच राहिलं, आणि गार आलं. सोलर बंद असताना गरम लाइनमध्ये गार पाणी भरत होतं कुठून?

मग घर घर. तिसऱ्या मजल्यावर सापडलं. मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून पुढं खटक्याचा जेट लावलेला. जेटचा खटका बंद, म्हणून पाणी बाहेर पडत नव्हतं, पण मिक्सरच्या पोटात गार आणि गरम एकमेकांना मिळालेले होते. गार पाण्याच्या टाकीची पातळी जरा वर, त्यामुळे तिकडचं गार पाणी दिवसरात्र गरम लाइनमध्ये शिरत होतं, खाली पहिल्या मजल्यापर्यंत. त्या घरातल्या आजींना फार वाईट वाटलं. त्यांचा काय दोष? कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. काकांनी मिक्सरच्या दोन्ही बाजूंना नॉन रिटर्न वॉल्व्ह लावले आणि आजींना म्हणाले, “मावशी, आता कसाही ठेवा.”

सोलरची एक गोष्ट मात्र दुरुस्त होण्यासारखी नाही, तिचं भान ठेवावं लागतं. एक इंची पाइप वीस मीटर लांब असेल तर त्यात जवळजवळ दहा लिटर पाणी असतं. रात्रभर निवलेलं हे पाणी बाहेर आल्याशिवाय गरम पाणी येत नाही. पहिल्या मजल्यावरचे लोक ते मोरीत सोडून देत. टँकर मागवणाऱ्या इमारतीत हे पाहवत नाही. आता आम्ही ते बादलीत धरतो आणि कपड्यांना वापरतो.

या सगळ्यात काकांची एकच तक्रार मी वारंवार ऐकली. इमारतीच्या नकाशात भिंती असतात, खिडक्या असतात. पाण्याची लाइन प्रत्यक्षात कुठून गेली, नंतर कुणी कुठे वळवली, हे कुठल्याच कागदावर नसतं. त्यांच्यानंतर येणारा मुलगा आयटीआयमधून वर्षभराचा प्लंबरचा कोर्स करून आलेला असेल, हुशार असेल, तरीही तो अंदाजानं टाइल फोडणार. आमच्या सोळा घरांच्या लाइनी आज फक्त त्यांच्या डोक्यात आहेत. म्हणून गेल्या एप्रिलपासून त्यांनी सांगायचं आणि मी काढायचं, असं आम्ही करतोय. माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला आमच्या न्हाणीघराची आकृती आहे. कॉक कुठं, एल्बो कुठं, जमिनीपासून किती इंच. बाजूला तारीख आणि बादलीचा वेळ. नऊ घरांचं झालं आहे, सात बाकी आहेत.

चौथ्या मजल्याचं दुखणं तसंच आहे. तिथं गार आणि गरम दोन्ही बारीक येतं, आणि तिथं काकांनी पान्याला हातच लावला नाही. त्यांनी नळापासून टाकीच्या तळापर्यंत दोरी सोडून मोजली. सव्वातीन मीटर भरली. म्हणजे टाकी रिकामी होत आली की दाब एक तृतीयांश किलोहून कमी. आम्हाला दुसऱ्या मजल्यावर सहा मीटर जास्त मिळतात, तळमजल्याला बारा. पाइप कितीही स्वच्छ केले तरी ही उंची त्यांना मिळणार नाही. त्यांच्यासाठी पंप हे खरं उत्तर असू शकतं, किंवा टाकी आणखी उंच चौथऱ्यावर घेणं. पण भरलेल्या टाकीचं वजन जुना स्लॅब सोसेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पाहायला हवं. तो प्रश्न दिवाळीनंतरच्या बैठकीत येणार आहे.

गेल्या रविवारी सकाळी मी आमची बादली पुन्हा मोजली. १ मिनिट ५५ सेकंद. एप्रिलपासून पाच सेकंद वाढले आहेत, उन्हाळाभर टँकरचं पाणी आलं होतं. दारावर लिहून ठेवलं. आई मागं उभी राहून बघत होती. “यंदा माझं तेल आधी लाव,” ती म्हणाली.